बी.लिब. करू का? आधी पन्नास पुस्तकं हाताखालून जाऊ देत

पत्र: मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावातून लिहिते आहे. इतिहास घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन वर्षं सुट्टीत गावच्या वाचनालयात देवघेवीचं काम केलं आणि ते मनापासून आवडलं. बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) करावं असं वाटतं. मामा म्हणतात, ‘मोबाईलवर सगळं मिळतं, एआयला विचारलं की झालं. पुस्तकं देण्याघेण्याचं शिक्षण कशाला?’ तिथं नेमकं शिकवतात काय? नोकरी लागते का? आणि मराठी माध्यमातल्या मुलीला झेपेल का?

उत्तर: मामांवर रागावू नकोस. वाचनालयाच्या खिडकीतून लोकांना देवघेवच दिसते, त्यामुळे ग्रंथपालाचं काम तेवढंच असं सगळ्यांना वाटतं. अभ्यासक्रमात मात्र देवघेवीला फार थोडी जागा असते. खरं शिक्षण दोन गोष्टींचं आहे. हजारो वस्तूंमधली हवी ती एक वस्तू पुन्हा सापडेल अशी मांडणी करणं ही पहिली, आणि सापडलेली माहिती विश्वास ठेवण्याजोगी आहे का हे तपासणं ही दुसरी. मोबाईल आल्याने या दोन्हींची गरज वाढली आहे.

तुझ्या जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. वाचनालयात एक शेतकरी येतो आणि विचारतो, ‘द्राक्षावरच्या भुरीबद्दल काही आहे का? आपल्या भागातलं, अलीकडचं.’ या एका वाक्यात चार धागे आहेत: द्राक्ष, भुरी आणि तिचं नियंत्रण, सांगली, गेली दोन-चार वर्षं. एस. आर. रंगनाथन मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होते. १९३३ साली त्यांनी द्विबिंदू वर्गीकरण (पुस्तकांना विषयाप्रमाणे क्रमांक देण्याची पद्धत) प्रसिद्ध केलं, आणि पुढे त्यातून जी मांडणी उभी राहिली तिचा गाभा म्हणजे कुठलाही विषय असा धाग्याधाग्याने सोडवणं. त्यांनी पाच बाजू सांगितल्या: मुख्य वस्तू, पदार्थ, क्रिया, स्थळ आणि काळ. इथे द्राक्ष ही मुख्य वस्तू, रोग व नियंत्रण या क्रिया, सांगली हे स्थळ, गेली दोन-चार वर्षं हा काळ. पदार्थाची जागा रिकामी राहिली तरी चालतं. पहिल्या सत्रात हे नुसतं आकडे-चिन्हांचं कोडं वाटतं आणि बरीच मुलं पाठांतरावर वेळ मारून नेतात. तसं करू नकोस, कारण पुढे ऑनलाइन शोध घेताना हीच फोड कामाला येते. प्रत्येक धाग्याचे पर्यायी शब्द लिहायचे (भुरी, पावडरी मिल्ड्यू), एकाच धाग्याचे पर्याय ‘ऑर’ने जोडायचे, वेगवेगळे धागे ‘अँड’ने जोडायचे. फार निकाल आले तर स्थळ किंवा काळ घालायचा, काहीच आलं नाही तर सगळ्यात आधी स्थळ काढायचं. अख्खं वाक्य शोधपेटीत टाकून पहिल्या तीन निकालांवर थांबणाऱ्या माणसात आणि शिकलेल्या ग्रंथपालात एवढा फरक पडतो.

प्रात्यक्षिकाला मुख्यतः ड्युई दशांश वर्गीकरण असतं. १८७६ साली सुरू झालेल्या या पद्धतीची २३वी आवृत्ती २०११ मध्ये चार खंडांत निघाली: पहिल्यात सूचना व कोष्टकं (मुख्य आकड्याला जोडायचे आकडे), दुसऱ्या-तिसऱ्यात तक्ते (विषयांच्या आकड्यांची मुख्य यादी), चौथ्यात सापेक्ष निर्देशसूची. सर्वांत जास्त गुण कुठे जातात हे आधीच सांगून ठेवतो. निर्देशसूचीत आकडा दिसला की मुलं तोच उतरवतात. निर्देशसूची फक्त दार दाखवते. आकडा नेहमी तक्त्यात जाऊन पाहायचा आणि त्याच्याखालच्या सूचना वाचायच्या. दुसरी चूक म्हणजे शीर्षकातल्या शब्दावर जाणं. ‘माती’ शब्द असलेलं पुस्तक शेतीचं असेल, कादंबरी असेल किंवा कुंभारकामाचंही असेल. मलपृष्ठ, अनुक्रमणिका आणि प्रस्तावना पाहिल्याशिवाय आकड्याला हात लावायचा नाही.

‘महाराष्ट्रातील शेती’ या विषयाचा वर्गांक (विषय दाखवणारा आकडा) बांधून बघ. शेती ६३०. भौगोलिक मांडणीसाठी पहिल्या कोष्टकातून ०९. दुसऱ्या कोष्टकात महाराष्ट्र ५४७९२. जोडताना ६३० चं शेवटचं शून्य गळतं आणि ६३०.९५४७९२ तयार होतं. ‘महाराष्ट्र’ शब्द दिसला म्हणून हेच पुस्तक ९५४.७९२ ला, म्हणजे इतिहासाच्या कपाटात पाठवणारे खूप असतात. आता शून्यांची गंमत बघ. वनस्पतिशास्त्राचा कोश ५८०.३ ला येतो, पण व्यवस्थापनाचा कोश ६५८.०३ ला नाही, ६५८.००३ ला येतो, कारण ६५८ खाली एका शून्याची जागा दुसऱ्या उपविषयांनी आधीच घेतलेली आहे. ही गोष्ट तक्त्यात स्पष्ट छापलेली असते. वाचली नाही की चुकते. मराठी साहित्य ८९१.४६: कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. कोकणीला त्याच्याच शेजारी ८९१.४६९ आहे, त्यामुळे घाईत मराठी आणि कोकणी पुस्तकं एकाच फळीवर मिसळून जातात.

वर्गीकरणानंतर तालिकीकरण, म्हणजे पुस्तकाची यादीतली नोंद करणं, आणि मराठी मुलीला सर्वांत जास्त करण्याजोगं काम इथेच आहे. लेखकाचं नाव कसं नोंदवायचं हा प्रश्न सोपा वाटतो. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर ही एकाच व्यक्तीची नावं, पण कविता एका नावाने आणि नाटकं दुसऱ्या नावाने प्रसिद्ध झाली. एएसीआर-२ या नियमावलीनुसार अशा वेळी दोन वेगळ्या ओळखी मानतात. प्रत्येक पुस्तक ज्या नावाने निघालं त्याच नावाखाली नोंदवतात आणि दोन्ही नावांमध्ये ‘हेही पाहा’ असा दुवा ठेवतात. दुवा नसेल तर कविता शोधायला आलेल्या वाचकाला त्याच माणसाची नाटकं आपल्याकडे आहेत हे कळतच नाही. याउलट ‘पु.ल.’, ‘पु. ल. देशपांडे’ आणि ‘देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण’ अशा तीन नोंदी तीन कर्मचाऱ्यांनी तीन वेळा केल्या, तर एकच लेखक यादीत तीन माणसं होऊन बसतो. टिंबानंतर जागा सोडली की नाही, एवढ्यावरही संगणक नोंद वेगळी धरू शकतो. म्हणून प्रत्येक लेखकाचं एक ठरलेलं रूप, आणि बाकीच्या सगळ्या रूपांवरून त्याच्याकडे नेणारे दुवे. यालाच अधिकृत नाम-नोंद म्हणतात.

पूर्वी ही नोंद साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरच्या कार्डावर व्हायची. कित्येक विभागांत सरावासाठी अजून होते, आणि ते चांगलंच आहे. संगणकावर तीच नोंद मार्क-२१ या साच्यात भरतात, त्यात प्रत्येक माहितीच्या रकान्याला ठरलेला क्रमांक असतो. काही आकडे आत्ताच पाठ करून टाक: ०२० आयएसबीएन, ०८२ ड्युई वर्गांक, १०० लेखक, २४५ शीर्षक, २६४ प्रकाशन, ३०० पृष्ठं व आकार, ६५० विषय. इंग्रजी पुस्तकाची तयार नोंद अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधून दोन मिनिटांत उतरवून घेता येते. या ग्रंथालयाचं दिल्लीचं कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं गोळा करतं, त्यामुळे मराठी पुस्तकांच्याही नोंदी तिथे सापडतात. मात्र त्या बहुतेक रोमन लिपीत, अक्षरांवर-खाली चिन्हं देऊन केलेल्या असतात. देवनागरी रूप ८८० क्रमांकाच्या क्षेत्रात भरावं लागतं. लहान गावातून निघालेली पुस्तकं, जिल्ह्यापुरत्या स्मरणिका, जात्यावरच्या ओव्यांचे संग्रह यांची नोंद मात्र बाहेर कुठेच नसते. ती कुणीतरी पहिल्यांदा करावीच लागते. मराठी चांगलं वाचणारी आणि मार्क जाणणारी माणसं त्यासाठी कमी पडतात, हे आम्ही जबाबदारीने सांगतो.

एक जुनं दुखणंही तुला भेटेल. युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत) येण्यापूर्वीच्या काळात अनेक ग्रंथालयांनी याद्या जुन्या मराठी फाँटमध्ये टंकल्या. पडद्यावर ‘ज्ञानेश्वर’ दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरांचा गोंधळ साठवलेला असतो, म्हणून शोधलं तर काही सापडत नाही. ते रूपांतर करून, मग ओळ न ओळ वाचून दुरुस्त करावं लागतं. जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडलेले असतात. ज्या महाविद्यालयात प्रशिक्षणार्थी म्हणून जाशील तिथे हे काम स्वतःहून माग.

ग्रंथालयाचं काम चालवणाऱ्या संगणक प्रणालींपैकी कोहा शीक. ती मोफत आहे, १९९९ साली न्यूझीलंडमध्ये जन्मली आणि डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींवर चालते. ४ जीबी मेमरीच्या साध्या संगणकावरही सराव होतो. मुलं ती बसवतात आणि लगेच पुस्तक ‘देऊन’ बघतात, मग ती नकार देते आणि सगळे इंटरनेटला दोष देत बसतात. क्रम असा: आधी ग्रंथालयाचं नाव, मग वस्तूंचे प्रकार (पुस्तक, संदर्भग्रंथ, मासिक), मग सभासदांचे गट, मग देवघेवीचे नियम (कुणाला किती पुस्तकं, किती दिवस, दंड किती) आणि शेवटी पुस्तकाची नोंद व प्रत. नियम भरलेले नसतील तर देवघेव अडते. महाविद्यालयांत इन्फ्लिबनेट या केंद्रीय संस्थेची सोल प्रणालीही दिसेल. एक नीट आली की दुसरी आठवड्यात जमते.

आता मामांच्या एआयकडे येऊ. एखाद्या विषयावर दहा संदर्भ दे म्हटलं, तर ही साधनं कधी कधी असे संदर्भ देतात की नियतकालिक खरं, संशोधक खरा, खंड-अंक-पानंही पटण्याजोगी, आणि लेख मात्र कधी लिहिलाच गेलेला नाही. कारण ती साधनं पुढचा शब्द कोणता शोभेल ते जुळवतात. कपाटात जाऊन पाहत नाहीत. काही साधनं इंटरनेटवर शोधही घेतात, तरी तपासणी चुकत नाही. तपासायची रीत: लेखाचं शीर्षक दुहेरी अवतरणात घालून गुगल स्कॉलरवर शोध. डीओआय (प्रत्येक लेखाला मिळणारा कायमचा ओळख क्रमांक) दिला असेल तर तो डीओआयच्या संकेतस्थळावर टाकून तोच लेख उघडतो का बघ. नाही तर त्या नियतकालिकाचा तो अंक उघडून त्या पानांवर काय आहे ते पाहा. लेख खरा निघाला तरी एक पायरी उरते, आणि तीच बहुतेकजण गाळतात: त्याच्या नावावर खपवलेलं विधान त्यात खरोखर आहे का, ते वाचणं. भारतीय प्रबंधांसाठी शोधगंगा हे संकेतस्थळ आहे. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून ती तुला आजपासून उपयोगी पडेल.

माध्यमसाक्षरतेचा भाग गावातच शिकता येतो. परीक्षा पुढे ढकलल्याचा, अनुदान वाढल्याचा ‘शासन निर्णय’ व्हॉट्सॲपवर फिरतो. वर राजमुद्रा, खाली सही, मग कोण शंका घेणार? खऱ्या शासन निर्णयाच्या शेवटी एक लांबलचक संगणक संकेतांक असतो. त्याची सुरुवात वर्ष, महिना, दिवस अशी होते. तो महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांच्या विभागात टाकायचा. निर्णय तिथे उघडला तर फिरणारी प्रत आणि मूळ प्रत शेजारी ठेवून विषय, तारीख आणि परिच्छेद ताडून पाहायचे, कारण खऱ्या निर्णयातला एखादा आकडा बदलूनही प्रती फिरवल्या जातात. संकेतांकच नसेल, किंवा तारखेशी त्याचा काहीच मेळ नसेल, तर पुढे पाठवायचं थांबव. फोटोसाठी गुगल लेन्स. तिथे जुन्यात जुनी तारीख शोधायची. कालच्या पुराचा म्हणून आलेला फोटो चार वर्षांपूर्वीच्या बातमीत सापडला की प्रश्न मिटतो. आणि अनोळखी संकेतस्थळ कितीही वेळ निरखून वाचलं तरी त्याची लायकी कळत नाही. तिथून बाहेर पडून दुसरे त्याच्याबद्दल काय म्हणतात ते पाहायचं. हे वाचनालयात दर महिन्याला अर्धा तास गावकऱ्यांना दाखवलंस, तरी तो मोठा उपयोग होईल.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. एक वर्षाचं बी.लिब. करून थांबणार असशील तर आमचा सल्ला ‘नको’ असा आहे. त्यावर शाळांमधल्या जागा मिळू शकतात. केंद्रीय विद्यालयात ग्रंथपालाला बी.लिब. आणि हिंदी-इंग्रजीचं कामापुरतं ज्ञान लागतं. वेतनस्तर ७, मूळ वेतन ४४,९०० रुपये. पण त्या जागा कमी आणि अर्ज देशभरातून. महाविद्यालयीन ग्रंथपालासाठी एम.लिब.ला (बी.लिब.नंतरची पदव्युत्तर पदवी) किमान ५५ टक्के आणि नेट किंवा सेट (देशपातळीची व राज्यपातळीची पात्रता परीक्षा) हवं (राखीव प्रवर्गांना गुणांत ५ टक्के सवलत). हे पद सहायक प्राध्यापकाच्या वेतनस्तराचं, मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून. जाहिराती मात्र सावकाश निघतात, आणि मधल्या काळात विनाअनुदानित किंवा कंत्राटी जागेवर बरंच कमी वेतन घ्यावं लागतं. सार्वजनिक वाचनालयांचं तू पाहिलंच आहेस: १९६७ च्या कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गांनुसार अनुदान संस्थेला मिळतं, कर्मचारी शासनाचा नसतो, म्हणून पगार तुटपुंजा राहतो. हे चूक आहे असं आमचं ठाम मत आहे. पण निर्णय घेताना ते गृहीत धर.

तेव्हा बी.लिब. आणि एम.लिब. मिळून दोन वर्षं आणि नेट-सेटसाठी आणखी एक, असा तीन वर्षांचा हिशोब घरी मांड. नेट आणि सेट दोन्हींत दोन पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं.

माध्यमाची भीती अर्धीच खरी आहे. तक्ते, नियमावली आणि प्रणाली इंग्रजीत आहेत, तिथे सुटका नाही. पण तिथलं इंग्रजी ठरावीक शब्दांचं आहे. दोन रकान्यांची वही कर: दाखल नोंद, देवघेव, नियतकालिकं, साठा पडताळणी या मराठी शब्दांसमोर इंग्रजी शब्द आणि एका ओळीत अर्थ. दोनशे शब्द झाले की व्याख्यानं कळू लागतात. तुला जवळ कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा विभाग आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातूनही हे शिकता येतं. ती सोय नोकरी करणाऱ्यांसाठी चांगली. तुझ्यासारखीने मात्र शक्य असेल तर वर्गातच बसावं, कारण वर्गीकरण चार जणांत वाद घालूनच येतं.

प्रवेशाआधी एक काम कर. वाचनालयातली पन्नास पुस्तकं निवड. त्यात कादंबऱ्या दहापेक्षा जास्त नकोत. प्रत्येकाची नोंद मुखपृष्ठावरून करू नकोस, आतल्या शीर्षकपानावरून कर. दोन्हीकडचे शब्द कित्येकदा वेगळे असतात. लेखक, संपादक किंवा अनुवादक, आवृत्ती, स्थळ, प्रकाशक, वर्ष, पृष्ठं, उंची. उंची वरच्या पूर्ण सेंटिमीटरला न्यायची, २१.३ असेल तर २२. वर्ष शकात असेल तर तसंच लिहून चौकटी कंसात इसवी सन द्यायचं: शके १९०५ म्हणजे [१९८३ किंवा १९८४], कारण शकाचं वर्ष दोन इसवी वर्षांत वाटलं जातं. वर्षच नसेल तर प्रस्तावनेच्या तारखेवरून अंदाज करून पुढे प्रश्नचिन्ह. मग प्रत्येकाला तीन विषयशब्द दे. मोठ्या ग्रंथालयात जाऊन ड्युईचे खंड मिळाले तर वर्गांकही बांध. पहिल्या पुस्तकाला अर्धा तास लागला तरी घाबरू नकोस. सगळं युनिकोडमध्ये संगणकाच्या तक्त्यात भर आणि वाचनालयात न आलेल्या कुणाला तरी पाच प्रश्न घेऊन त्या यादीसमोर बसव. दोन मिनिटांत पुस्तक सापडलं नाही तर चूक शोधणाऱ्याची समजू नकोस. तुझा विषयशब्द बदल. वाचकाचा वेळ वाचवा, हा रंगनाथनांच्या १९३१ च्या पाच सूत्रांपैकी चौथा नियम. तो असा हाताने तपासता येतो.

विसाव्या पुस्तकाशी कंटाळून वही मिटावीशी वाटली, तर इतिहासात एमए कर आणि वाचनालय छंद म्हणून सांभाळ. त्यात काही गैर नाही. पण हे पुस्तक इतिहासात जाईल की समाजशास्त्रात, या विचाराने रात्री झोप लागली नाही, तर मामांना ती पन्नास पुस्तकांची यादी दाखव आणि त्यांच्याच शेतीचा एखादा प्रश्न त्यात शोधायला सांग.

प्रवेश अर्ज विद्यापीठाच्या संकेतस्थळावर निकालाच्या आसपास सुरू होतात आणि मुदत लवकर संपते. शिष्यवृत्ती महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरून, तिथे उत्पन्नाचा दाखला लागतो. तो तहसील कार्यालयातून मिळायला दिवस जातात, म्हणून शेवटचा पेपर झाला की आधी त्याचा अर्ज टाक.